कॅलिब्रेशन केलं तरी मॉनिटरचे रंग परत का बिघडतात?

तक्रार नेहमीची आहे. कॅलिब्रेटर (रंग मोजणारं छोटं यंत्र) स्क्रीनवर लावला, प्रोग्रामने सांगितलं तसं सगळं केलं आणि स्क्रीन खरंच छान दिसायला लागली. मग आठवडाभरात कधीतरी सकाळी फोटो उघडावा, तर नवरीचा चेहरा पिवळट, नाहीतर सावल्या एकदम काळ्याकुट्ट. पुन्हा कॅलिब्रेशन, पुन्हा चार दिवस बरं, पुन्हा तेच. गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत लग्नाची आणि देवळांच्या उत्सवांची कामं करणाऱ्या फोटोग्राफरांकडून हे मी सतत ऐकतो. पावसाळ्यात तर ऐकतोच, आणि तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली की आणखी ऐकतो.

माझं म्हणणं असं आहे की मॉनिटरचं पॅनेल आठ दिवसांत बिघडत नाही. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, उतरतो तो महिन्यांच्या, वर्षांच्या हिशेबाने. आठ दिवसांत रंग बदलला असेल तर मॉनिटरच्या भोवतीचं काहीतरी बदललंय: कॉम्प्युटरमधलं एखादं सेटिंग, मॉनिटरच्या मेनूतला एखादा मोड, खोलीतला उजेड किंवा लॅबची मशीन. ते न शोधता पुन्हा कॅलिब्रेटर लावला की मूळ कारण तसंच राहतं. कधी कधी नुकसानही होतं, कारण नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) चालू असताना किंवा मॉनिटर भलत्याच मोडमध्ये असताना केलेलं नवं कॅलिब्रेशन आधीच्या चांगल्या कॅलिब्रेशनची जागा घेतं.

शोध कुठून सुरू करायचा हे कळण्यासाठी आत काय चालतं ते थोडं सांगतो. कॅलिब्रेटरचा प्रोग्राम दोन कामं करतो. आधी तो पांढरा रंग, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) आणि ब्राइटनेस ठरलेल्या जागी आणतो, आणि मॉनिटरच्या बटणांनी जे साधत नाही तेवढ्यासाठी दुरुस्तीचे कर्व्ह ग्राफिक्स कार्डमध्ये भरतो. मग त्या दुरुस्त अवस्थेत स्क्रीन कसे रंग दाखवते ते मोजून त्याची नोंद एका फाइलमध्ये, म्हणजे आयसीसी प्रोफाइलमध्ये, लिहितो. कर्व्हचा परिणाम स्क्रीनवरच्या प्रत्येक गोष्टीवर होतो, अगदी डेस्कटॉपच्या आयकॉनवरही. प्रोफाइल मात्र फोटोशॉप, लाइटरूम असे रंगांचा हिशेब ठेवणारे प्रोग्रामच वाचतात. कर्व्ह साठवलेले असतात प्रोफाइलच्या फाइलमध्येच, पण कॉम्प्युटर सुरू झाला की दर वेळी कुणीतरी ते ग्राफिक्स कार्डमध्ये भरावे लागतात. ते भरले गेले नाहीत तर प्रोफाइल जागेवर असतं, फोटोशॉप समजतं की स्क्रीन दुरुस्त आहे, आणि स्क्रीन मात्र कच्चीच असते. ‘कॅलिब्रेशन टिकत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच उगम पावतात.

आधी करड्या चौकोनांची फाइल

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एक तपासणीची फाइल बनवून डेस्कटॉपवर ठेवा. फोटोशॉपमध्ये किंवा जिंपमध्ये एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत कोरी फाइल घ्या. तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करडे चौकोन काढा, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा तिन्हींचा आकडा सारखा. काळ्या टोकाला ५, १०, १५ असे जवळजवळचे आकडे घ्या, पांढऱ्या टोकाला २४०, २४५, २५०. खाली एक सलग ग्रेडियंट टाका. कॅलिब्रेशन नुकतंच झालेलं असताना, संध्याकाळी पडदे ओढून, ही फाइल नीट बघून ठेवा: काळ्याकडचा कितवा चौकोन वेगळा दिसतो, ग्रेडियंटमध्ये कुठे पट्टे पडतात, मधल्या करड्यावर गुलाबी किंवा हिरवी झाक आहे का. वहीत दोन ओळी लिहा.

रंग बिघडल्यासारखे वाटतील तेव्हा हीच फाइल त्याच उजेडात उघडा. झाक डेस्कटॉप, ब्राउझर, फोटोशॉप सगळीकडे असेल तर कर्व्ह उडालेत, मॉनिटरचा मोड बदललाय किंवा खोलीचा उजेड फसवतोय. फक्त फोटोशॉप-लाइटरूममध्येच झाक असेल आणि डेस्कटॉपवर करडा करडाच असेल तर प्रोफाइल खराब आहे. फोटोशॉपमध्ये ठीक पण बाकी सगळीकडे रंग भडक, असं असेल तर तुमचा मॉनिटर बहुधा वाइड गॅमटचा, म्हणजे एसआरजीबीपेक्षा भडक रंग दाखवू शकणारा, आहे. विंडोजचे बरेच प्रोग्राम रंगांचा हिशेब ठेवत नाहीत, त्यामुळे एसआरजीबीचा लाल तिथे मॉनिटरच्या स्वतःच्या भडक लालात दिसतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही बिघडलेलं नसतं. फोटो एसआरजीबीत, प्रोफाइल जोडून सेव्ह करा आणि निर्णय फोटोशॉपमध्येच घ्या. आणि स्क्रीनवर सगळं बरोबर, चूक फक्त कागदावर, असं असेल तर त्यावर पुढे लिहिलंय.

एक विनंती. झाक दाखवायला म्हणून स्क्रीनशॉट कुणाला पाठवू नका. स्क्रीनशॉटमध्ये ग्राफिक्स कार्डचे कर्व्ह उतरत नाहीत आणि मॉनिटरची झाक तर नाहीच नाही. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या स्क्रीनचे रंग दिसतात. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटोही निरुपयोगी, कारण मोबाइल स्वतःचा व्हाइट बॅलन्स लावतो.

कर्व्ह कोण पुसतं

विंडोजवर सगळ्यात आधी कलर मॅनेजमेंट उघडा, स्टार्टमध्ये नाव टाकलं की मिळतं. डिव्हायसेसच्या टॅबमध्ये वर मॉनिटर निवडायचा असतो. दोन स्क्रीन जोडल्या असतील तर ‘आयडेंटिफाय मॉनिटर्स’ दाबून कुठली १ आणि कुठली २ ते आधी बघा. लॅपटॉपचं प्रोफाइल बाहेरच्या मॉनिटरला आणि मॉनिटरचं लॅपटॉपला, असा अदलाबदलीचा प्रकार मी खूपदा पाहिलाय. ‘यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस’ वर खूण असली पाहिजे, आणि यादीत तुमचं प्रोफाइल डीफॉल्ट असलं पाहिजे. केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घातली की विंडोज त्याला नवा मॉनिटर समजू शकतं आणि जुनं प्रोफाइल लावत नाही. हॉलमध्ये स्लाइड शो दाखवायला लॅपटॉप नेला, तिथे प्रोजेक्टर जोडला, घरी येऊन केबल हाताला येईल त्या पोर्टमध्ये घातली, एवढं त्यासाठी पुरतं. म्हणून मॉनिटरची केबल आणि पोर्ट कायमचे ठरवा आणि पोर्टपाशी चिकटपट्टीने खूण करा.

तिथेच ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘चेंज सिस्टम डीफॉल्ट्स’ उघडून पुन्हा ॲडव्हान्स्डमध्ये गेलं की ‘यूज विंडोज डिस्प्ले कॅलिब्रेशन’ अशी खूण दिसते. कॅलिब्रेटरसोबत आलेला प्रोग्राम स्वतःचा लोडर (कर्व्ह ग्राफिक्स कार्डमध्ये भरणारा छोटा प्रोग्राम) चालवत असेल तर ही खूण काढा. चालवत नसेल तर लावा. दोघांनाही एकाच वेळी हे काम देऊ नका. कोण शेवटी बोलला त्याप्रमाणे स्क्रीन बदलते, आणि मग ‘कधी ठीक असतं, कधी नसतं’ अशी, पकडायला सगळ्यात अवघड तक्रार तयार होते. पूर्वी दुसऱ्या कॅलिब्रेटरचा प्रोग्राम टाकलेला असेल तर त्याचाही लोडर मागे राहिलेला असतो. तो काढून टाका.

कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर, पूर्ण स्क्रीनचा गेम बंद केल्यावर कर्व्ह उडू शकतात. ओळखायची रीत सोपी आहे. करडी फाइल उघडी ठेवा, कॉम्प्युटर स्लीपमध्ये टाका, उठवा. मधल्या करड्याची झाक बदलली तर चोर सापडला. डिस्प्लेकॅल नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो ग्रॅम गिल यांच्या आर्गिलसीएमएसवर चालतो. त्याचा लोडर घड्याळाजवळच्या पट्टीत बसून कर्व्ह परत परत तपासत राहतो. ज्यांच्याकडे ही कटकट वारंवार होते त्यांना मी तोच सुचवतो.

आता जी सेटिंग्ज कर्व्हवर आपला रंग चढवतात ती. विंडोजचा नाइट लाइट, मॅकवरचे नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन, डोळ्यांना आराम म्हणून टाकलेले प्रोग्राम: रंगाचं काम होणाऱ्या मशीनवर हे सगळं बंद. ‘रात्री आपोआप चालू’ हेही बंद, कारण दिवसा ते दिसत नाही आणि आपण रात्री आठनंतरच एडिटिंगला बसतो. विंडोजचा एचडीआर (जास्त उजळ-गडद पट्टा दाखवणारा मोड) चालू असेल तर साध्या मोडमध्ये केलेलं कॅलिब्रेशन तिथे लागू पडत नाही. फोटोच्या कामासाठी तो बंद ठेवा.

लाइट गेली की रंग बदलतो

हे लॅपटॉपवाल्यांसाठी आहे आणि आपल्याकडे याला खास महत्त्व आहे. पावसाचे चार महिने सत्तरी, डिचोली, सांगे भागात लाइट येते-जाते. लॅपटॉप बॅटरीवर गेला की ब्राइटनेस उतरतो हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की इंटेलच्या ग्राफिक्समध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग असतं आणि एएमडीमध्ये व्हॅरी-ब्राइट. ही दोन्ही बॅटरी वाचवायला बॅकलाइट कमी करतात आणि ते लक्षात येऊ नये म्हणून चित्राचा कॉन्ट्रास्ट बदलतात, तेही चित्रात काय आहे ते बघून. गडद फोटो उघडला की एक वागणूक, उजळ फोटो उघडला की दुसरी.

वाळपईच्या एका मित्राकडे चतुर्थीच्या माटोळीचे फोटो होते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची आरास, ही रंगांची परीक्षाच: कच्च्या सुपाऱ्यांचा हिरवा, पिकलेल्या केळ्यांचा पिवळा, तोरिंगाची साल, मध्येच कांगलांचा लाल, आणि मागे छताचं काळपट लाकूड. एकाच संध्याकाळी बसून केलेल्या फोटोंपैकी अर्ध्यांत छताचं लाकूड छान उठलेलं आणि अर्ध्यांत फिकं, धुरकट. स्लाइडरचे आकडे बघितले तर मधल्या एका फोटोपासून सावल्या उचललेल्या. फाइल सेव्ह झाल्याच्या वेळा आणि लाइट गेल्याची वेळ जुळवली आणि उलगडा झाला. चार्जर निघाल्यापासून लॅपटॉप सावल्या बुडवून दाखवत होता आणि तो बिचारा प्रत्येक फोटोत त्या उचलत होता.

उपाय: ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर विभागात जाऊन ही दोन्ही सेटिंग्ज बंद करा. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेसखाली, चित्रानुसार ब्राइटनेस बदलण्याची सोय असते, तीही बंद करा. आसपासच्या उजेडाप्रमाणे बदलणारा सेन्सर असेल तर तोही. आणि बॅटरीवर रंगाचं काम करू नका. निवड, क्रॉप, नावं देणं ही कामं तेवढ्या वेळात उरकतात.

डेस्कटॉपच्या मॉनिटरबद्दल एक गैरसमज आहे की व्होल्टेज कमी-जास्त झालं की रंग बदलतात. मॉनिटरचा पॉवर सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालण्यासाठीच बनवलेला असतो, आपल्याकडच्या चढउतारांनी पांढरा पिवळा होत नाही. लाइट जाऊन आल्यावर रंग वेगळे वाटतात त्याचं कारण वेगळं आहे: बॅकलाइट थंड झालेला असतो. ब्राइटनेस आणि पांढरा स्थिर व्हायला अर्धा तास द्यावा लागतो. कॅलिब्रेशनही अर्धा तास स्क्रीन तापल्यावरच करा, आणि मध्ये लाइट गेली तर पहिल्यापासून.

मॉनिटरच्या मेनूचं लवकर सांगून टाकतो. इको, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ‘व्हिव्हिड’ असलं काही नको. यूजर किंवा कस्टम मोड निवडा, त्यात ब्राइटनेस आणि लाल-हिरवा-निळा यांचे आकडे वहीत लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणी पिक्चर बघायला मोड बदलला तर दोन मिनिटांत परत येता येतं. व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) शक्य तेवढा याच तीन रंगांच्या बटणांनी जुळवा. सगळी दुरुस्ती कर्व्हवर टाकली की ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरवर काळा एकदम धुरकट किंवा एकदम बुडालेला दिसला तर आउटपुट रेंज बघा: ग्राफिक्स कार्ड १६ ते २३५ पाठवतंय आणि मॉनिटर ० ते २५५ ची वाट बघतोय, किंवा उलटं. दोन्हीकडे फुल रेंज करा.

प्रोफाइलच खराब असेल तर

फोटोशॉपमध्ये पांढरा पिवळा, बाहेर पांढरा पांढरा. विंडोज अपडेटबरोबर मॉनिटर कंपनीचं प्रोफाइल गुपचूप येऊन बसलं की असं घडतं. कलर मॅनेजमेंटमध्ये तात्पुरतं एसआरजीबीचं प्रोफाइल डीफॉल्ट करा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. फोटोशॉप मॉनिटरचं प्रोफाइल सुरू होतानाच वाचतं, त्यामुळे बंद-चालू केल्याशिवाय फरक कळणार नाही. पिवळेपणा गेला तर ते प्रोफाइल काढून टाका आणि नवीन बनवा. बनवताना प्रकार विचारला तर मॅट्रिक्स आणि आवृत्ती २ निवडा, बहुतेक प्रोग्रामना तेच पचतं.

याच्याशी मिळताजुळता एक प्रकार: काहीजण फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस (फोटो ज्या रंगपद्धतीत एडिट होतो ती) म्हणून मॉनिटरचंच प्रोफाइल निवडतात. तसं करू नका. वर्किंग स्पेस एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी. मॉनिटरचं प्रोफाइल फक्त सिस्टमच्या ठिकाणी असावं, फोटोच्या फाइलमध्ये कधीही नाही.

खोली

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि माझ्या मते गोव्यात अर्ध्या तक्रारी इथेच असतात.

आपली घरं बघा. कुळागरातलं घर असेल तर खिडकीतून येणारा उजेड पोफळी-केळींच्या पानांतून गाळून येतो, तो हिरवट असतो. समोर चिऱ्यांची भिंत किंवा तांबड्या मातीचं अंगण असेल तर दुपारी त्यावरून परतलेला उजेड तांबूस असतो. जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतात, त्यांतून येणारा उजेड सुंदर, पण थोडा पिवळसर. त्यात भिंतींना गुलाबी, पोपटी, निळा असा रंग. स्क्रीन तीच असते, तुमचे डोळे मात्र दर दोन तासांनी वेगळ्या उजेडाशी जुळवून घेत असतात.

याचा परिणाम उलट्या दिशेने होतो, म्हणून तो ओळखायला कठीण जातो. हिरवट उजेडात बसलं की डोळे हिरवा वजा करतात आणि खरा करडा किंचित गुलाबी दिसायला लागतो. तुम्ही गुलाबी घालवायला हिरवा वाढवता, आणि प्रिंट हिरवट येते. रात्री पिवळ्या एलईडी बल्बखाली बसलं की स्क्रीन निळसर भासते, तुम्ही फोटो उबदार करता, सकाळी सगळे पाहुणे कावीळ झाल्यासारखे. मॉनिटर ६५०० केल्व्हिनवर (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या पिवळ्या-निळ्या छटेचं माप) चोख बसलेला असला तरी हे होतंच. ‘सकाळी बरोबर वाटलेला फोटो रात्री चुकीचा वाटतो’ अशी तक्रार असेल तर कॅलिब्रेटर कपाटात राहू द्या आणि खोली बघा.

करायचं काय? स्क्रीन खिडकीकडे तोंड करून नको आणि खिडकीकडे पाठ करूनही नको, खिडकीला काटकोनात ठेवा. जाड पडदा लावा, शक्यतो करडा. मॉनिटरच्या मागची भिंत फिकट करडी रंगवता आली तर उत्तम, भाड्याची जागा असेल तर मॉनिटरमागे करडं कापड टांगा. दिवा ५००० केल्व्हिनचा, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त, आणि त्याचा उजेड स्क्रीनवर न पडता मागच्या भिंतीवर किंवा टेबलावर पडेल असा. काळ्या फोमशीटचा हूड घरी बनवता येतो: वर एक पट्टी, बाजूंना दोन, स्क्रीनच्या पुढे वीतभर. भडक रंगाचा शर्ट घालून बसू नका. लाल शर्ट काळ्या स्क्रीनमध्ये चक्क दिसतो. स्टुडिओसाठी वेगळी खोली नसेल तर निदान एवढं ठरवा की रंगाचा शेवटचा हात दिवस मावळल्यावर, पडदे ओढून, त्याच एका दिव्यात फिरवायचा. बाकी काम पडवीत बसून करा, काही हरकत नाही.

प्रिंट काळपट येते

कंपनीतून आलेला मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून खूप उजळ ठेवलेला असतो, बऱ्याचदा कामाला हवा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. त्यावर फोटो छान उजळ दिसतो, म्हणून आपण तो तसाच सोडतो, आणि कागदावर तो बुडतो. प्रिंटसाठी काम करताना पांढऱ्याचा ब्राइटनेस ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर या पट्ट्यात ठेवतात. एसआरजीबीच्या मूळ व्याख्येत ८० आहे. अंधाऱ्या खोलीत ८० च्या बाजूला, थोडा उजेड असेल तर १०० ते १२०. गॅमा २.२.

आकड्यापेक्षा कागदावर माझा विश्वास जास्त आहे. त्या ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली, स्क्रीनच्या शेजारी, कोरा फोटोपेपर धरा आणि स्क्रीनवर कोरी पांढरी फाइल उघडा. स्क्रीन कागदापेक्षा उजळ असेल तर ब्राइटनेस उतरवा, जोवर दोन्ही सारखे पांढरे वाटत नाहीत. मग कॅलिब्रेशन करा आणि त्यानंतर ब्राइटनेसला हात लावू नका. पहिले दोन-तीन दिवस स्क्रीन मंद वाटेल, नंतर सवय होते. छपाईचे नमुने बघण्यासाठी आयएसओ ३६६४ या मानकात डी५० (साधारण ५००० केल्व्हिनचा) उजेड सांगितलाय, बारकाईने तुलना करायला २००० लक्स आणि नुसतं बघायला ५०० लक्स. घरी एवढं काटेकोर जमत नसलं तरी गिऱ्हाइकाला प्रिंट ट्यूबलाइटखाली दाखवायची आणि स्वतः खिडकीत बघायची, हे टाळता येतं.

लॅबकडेही बोट दाखवावं लागतं, पण पुराव्यानिशी. दोन चेहरे, एक पांढरी साडी, एक काळा कोट आणि तुमचे करडे चौकोन अशी एक फाइल बनवा. लॅबला सांगा, करेक्शन करू नका, जशी आहे तशी काढा. बऱ्याच ठिकाणी मशीनवर आपोआप करेक्शन चालू असतं आणि तुमची मेहनत तिथेच पुसली जाते. आलेली प्रिंट पाकिटात घालून उजेडापासून दूर ठेवा. पुढे कधी अल्बम वेगळा आला, मग तो म्हापशाच्या लॅबमधून असो की बेळगाव-कोल्हापूरकडून बनवून आलेला करिझ्मा असो, तीच फाइल परत काढून घ्या आणि दोन प्रिंट एकाच दिव्याखाली शेजारी धरा. फाइल तीच आणि प्रिंट वेगळ्या, म्हणजे फरक लॅबमध्ये आहे. मालकासमोर त्या दोन प्रिंट ठेवल्या की वाद होत नाही.

अबोली

एक रंग आपल्याकडे वारंवार त्रास देतो आणि दोष मॉनिटरला मिळतो. नवरीच्या केसांतला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. जवळून बघा: प्रत्येक पाकळी केशरी, पण कडेला गुलाबीकडे झुकणारी, आणि देठाकडे पिवळसर. फ्लॅश पडला की कॅमेऱ्यात लाल चॅनेल २५५ ला जाऊन टेकतो, हिरवा मधेच राहतो, आणि सगळा वळेसर एकाच सपाट केशरी ठिपक्यासारखा दिसतो. व्हाइट बॅलन्स उबदार केला की आणखी वाईट. शिगम्याच्या गुलालाचंही हेच.

हिस्टोग्राममध्ये फक्त लाल चॅनेल बघा. टेकलेला असेल तर रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) परत जा, केशरीचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स थोडं उतरवा. पाकळ्या सुट्या होतात. लाल चॅनेल टेकलेला नसूनही प्रिंटमध्ये रंग मेलेला येत असेल तर तो कागदाच्या आवाक्याबाहेरचा आहे. लॅबकडे त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागा आणि सॉफ्ट प्रूफ करा, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघा. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये ‘एस’ दाबलं की होतं, फोटोशॉपमध्ये प्रूफ कलर्स. ते प्रोफाइल फक्त बघण्यासाठी वापरायचं. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर फाइल एसआरजीबीतच पाठवा.

कॅलिब्रेटरची निगा

ज्या हवेत लेन्सला बुरशी धरते त्याच हवेत कॅलिब्रेटर, म्हणजेच कलरिमीटर, टेबलावर पडून असतो. जुन्या आणि स्वस्त कलरिमीटरमधले रंगीत फिल्टर दमट हवेने आणि वयाने बदलतात, आणि मग यंत्र प्रामाणिकपणे चुकीचं मोजतं. लेन्सच्या ड्राय कॅबिनेटमध्येच तो ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. निळे मणी गुलाबी झाले की ते भिजलेत, वाळवून घ्या.

मोजण्याआधी प्रोग्राम बॅकलाइटचा प्रकार विचारतो: पांढरा एलईडी, वाइड गॅमटचा एलईडी, जुना ट्यूबचा, ओलेड. इथे चुकीची निवड झाली तर कॅलिब्रेशन यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि पांढरा हिरवट किंवा गुलाबी बसतो. मॉडेलच्या माहितीपत्रकात बघूनच निवडा. दोन वेगळ्या जातीचे मॉनिटर एकाच आकड्यावर आणूनही डोळ्यांना वेगळे दिसू शकतात. तसं झालं तर मुख्य मॉनिटर आकड्यावर ठेवा आणि दुसरा डोळ्यांनी त्याच्याशी जुळवा.

सगळं जागेवर असेल तर महिन्या-दीड महिन्याने एकदा मोजणं पुरतं. कॅलिब्रेशननंतर व्हेरिफिकेशनचा पर्याय असेल तर चालवा; सरासरी डेल्टा ई (रंग किती चुकतोय त्याचा आकडा) २ च्या आत असेल तर निश्चिंत काम करा. प्रत्येक वेळी मॉनिटरच्या ब्राइटनेसचा आकडा वहीत उतरवा. तोच पांढरा गाठायला तो आकडा हळूहळू वाढत जाईल, हे स्वाभाविक आहे. ब्राइटनेस शेवटापर्यंत नेऊनही पांढरा ८० कँडेलापर्यंत पोचत नसेल, किंवा निळ्याचं बटण टोकाला नेऊनही पिवळेपणा जात नसेल, तर बॅकलाइट संपत आलाय. तो मॉनिटर टूल आणि फोल्डर ठेवायला दुसरी स्क्रीन म्हणून वापरा, आणि रंगाचं काम दुसऱ्या आयपीएस (बाजूने बघूनही रंग फारसे न बदलणाऱ्या पॅनेलच्या) मॉनिटरवर हलवा.